नाव ठेवणारे गृहस्थ

आमच्या तळमजल्यावरचे गृहस्थ सगळ्या जगाला नावं ठेवतात. लिफ्टला, चहाला, माझ्या स्कूटरला. सिनेमाला नेलं तर पडद्यावरच्या माणसांनाही ऐकवतात, तेही अहो-जाहो करून.

परवाच्या भयपटात एक शास्त्रज्ञ मढ्यांचे तुकडे शिवून माणूस घडवत होता आणि त्याची वाग्दत्त वधू बंद दाराबाहेर रडत होती. "अहो, दार उघडा! ती केव्हाची उभी आहे," यांनी सुनावलं. शेवटी त्या धुडाने डोळे उघडले, तर शास्त्रज्ञच घाबरून पळाला. आमचे गृहस्थ ताडकन उभे राहिले. "पळताय काय? जन्माला घातलंत ना? मग नाव तरी ठेवा त्याचं!"

"काका, खाली बसा," मागून कोणीतरी ओरडलं. ते बसले, पण पुढे सिनेमाभर त्या राक्षसाला 'बाळ' म्हणत राहिले.

परतल्यावर त्यांच्या दारावरची पाटी पाहिली. नुसतं आडनाव. इतकी वर्षं मी त्यांना 'अहो'च म्हणत आलोय.

"अहो, तुमचं नाव काय हो?"

त्यांनी शांतपणे कुलूप उघडलं आणि म्हणाले, "आत्ता बारसं करताय? मग आधी घुगऱ्या आणा."