जात्याचा दुसरा हात

मालिशच्या शेवटच्या संध्याकाळी मी अन् पहिलवान, आम्ही दोघं म्हातारे जात्याच्या दोन अंगांनी बसून ज्वारी दळत होतो. जातं माझ्या बायकोचं. ती गेली अन् माझा उजवा खांदा आखडला, हात छातीच्या वर जाईना. पोरगा म्हणायचा, "बाबा, जू उचलवत नसंल तं बैलं देऊळघाटच्या बाजारात विकून टाकू." बैलं गेली तर मी बोलायचं कोणासंगं?

म्हणून मालिश करणाऱ्या या पहिलवानाले बोलावलं. हा माणूस माझ्याशी कमी अन् खांद्याशी जास्त बोले. तेल चोळून हात ओढायचा अन् म्हणायचा, "चाल बे, सरक. काऊन अडून बसला?" मी ओरडलो की आढ्याकडे पाहायचा. खांदा फिरता राहावा म्हणून जातं त्यानंच मांडायले लावलं. मी म्हणलं, "हे बायांचं काम हाय." तो म्हणाला, "मंग तुह्या बाईले बोलाव." असं कोणी बोलतं? पण मी खुंटा धरला, समोरून त्यानंही धरला.

त्या संध्याकाळी पाहतो तर त्याचा हात खुंट्यावर नव्हताच, मांडीवर होता. मी घाबरून थांबलो.

"थांबला काऊन? मघापासून एकटाच तं दळून राह्यला तू. उद्यापासून मी येत नाही," म्हणाला अन् निघून गेला.

सकाळी खांदा पुन्हा लाकडावाणी. तरी गोठ्यात जाऊन जू उचललं. ते छातीपर्यंत आलं अन् अडलं. पोरगा पुढं सरला, त्याले मी डोळ्यांनीच थांबवलं. तेवढ्यात बैलानं मान खाली घातली, अन् मी तिच्यावर जू ठेवलं.