आप्पांच्या रायफलीचा बोल्ट

या ग्रुपवरचे अनुभव मी गेली चार वर्षं वाचते आहे, आणि खरं सांगायचं तर बहुतेक वेळा हसण्यासाठीच वाचते. अबुधाबीत एका इन्शुरन्स कंपनीत मी क्लेम्स बघते. समोरचा जे सांगतोय त्यात खोट कुठे आहे, ते शोधण्याचा मला पगार मिळतो. भुतंखेतं, संकेत, दृष्टांत... असलं काही माझ्या टेबलावर आलं असतं तर मी दुसऱ्या मिनिटाला रिजेक्ट केलं असतं. आज मीच लिहायला बसले आहे, तेव्हा हसायची पाळी तुमची.

माझे वडील, आप्पा, सातारा जिल्ह्यातले रिटायर्ड हवालदार. वय एक्क्याऐंशी. आमच्या गावात घरटी एक फौजी. गेल्या वर्षी त्यांना अर्धांगाचा झटका आला. बोलणं शाबूत राहिलं, पण उजवा हात गेला. आई नाही, मी एकुलती एक, म्हणून त्यांना अल रीम आयलंडवर आमच्या फ्लॅटमध्ये आणलं. फिजिओथेरपीला केरळची एक सिस्टर यायची आणि आप्पा भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. डॉक्टरांनी स्पष्ट बजावलं होतं — व्यायाम केला नाही तर हात कायमचा असाच राहील. आप्पांचं उत्तर एकच. "ऱ्हाऊ दे. त्या हातानं काय उजेड पाडलाय?" मला तो म्हातारपणाचा हेका वाटायचा.

म्हणून मी रायफलीचं डोक्यात घेतलं. पासष्टच्या लढाईत आप्पांच्या हातात थ्री-नॉट-थ्री होती. तशीच एक जुनी, निकामी केलेली रायफल आणायची आणि खंडेनवमीला, म्हणजे घरोघरी शस्त्रं पुजतात त्या दिवशी, त्यांच्यासमोर पाटावर मांडायची. फौजी माणूस रायफल बघून तरी ताठ होईल, अशी माझी अटकळ. माझा नवरा मंदार पुण्याचा. तो म्हणाला, "टू बीएचकेमध्ये बंदूक? बिल्डिंगचा सिक्युरिटीवाला चक्कर येऊन पडेल." पण शेवटी शोधून काढली त्यानेच.

दुबईत अल क्वोजच्या एका वेअरहाऊसमध्ये पेशावरकडचे एक म्हातारे खानसाहेब जुन्या शस्त्रांचा रीतसर परवाना घेऊन धंदा करतात. त्यांनी रायफल टेबलावर ठेवली आणि मला बाजी, म्हणजे ताई, म्हणत सांगितलं, "बाजी, ये अब सिर्फ लोहा-लकडी है. नली बंद, बोल्ट वेल्ड. खलास." बोल्ट म्हणजे गोळी आत ढकलायला मागेपुढे सरकवायचा तो दांडा. मंदारने तो दोन्ही हातांनी ओढून पाहिला, पण ढिम्म हलला नाही. वेल्डिंग कुठे केलंय ते मी मोबाइलचा टॉर्च लावून बघितलं, फोटोही काढला. सवयच ती! ती कुठून आली विचारल्यावर खानसाहेब म्हणाले, "सरहद के किसी पुराने स्टोअर से आई है. किसकी थी, अल्लाह जाने." नंबर घासून गेला होता. परवानगीच्या कागदांपायी दोन महिने गेले. जाईन तिथे "इन्शाल्ला, टुमॉरो."

खंडेनवमीला मी रजा टाकली. सकाळी अकराच्या सुमारास हॉलमध्ये पाट मांडला, त्यावर रायफल ठेवली, झेंडूचा हार घातला, बोल्टला ओलं हळदकुंकू लावलं. मंदारने आप्पांची व्हीलचेअर पाटापाशी आणली.

आप्पांचा चेहरा क्षणात उतरला. "उचल ते हितनं."

"आप्पा, तुमच्यासाठी आणलीय—"

"उचल म्हनतो ना!"

माझं डोकंच फिरलं. "दोन महिने खपले मी यासाठी! गावातसुद्धा खंडेनवमीला तुम्ही कायम घराबाहेर निघून जायचात. सांगा तरी काय झालंय!"

आप्पांनी रायफलीवरची नजर काढून माझ्याकडे वळवली. मग म्हणाले, "बस खाली."

त्यांच्या तुकडीत शेजारच्या गावचा सखाराम नावाचा दोस्त होता. एका पहाटे अचानक हुकूम आला आणि सगळे आपापली रायफल घ्यायला धावले. घाईत आप्पांनी सखारामची उचलली आणि सखारामने आप्पांची. फौजेत यासारखी चूक नाही. आणि आप्पांच्या रायफलीचा बोल्ट वाळू जाऊन आदल्या दिवसापासून अडकत होता.

"धा पावलांवरच कळलं मला," आप्पा म्हणाले. "हाक मारायला येळ हुता. मारली न्हाई. मनात आलं... बरं झालं, चांगली आपल्या हाती आली." त्यांनी डाव्या हाताने तोंड पुसलं. "सखाराम आला न्हाई. रायफलबी घावली न्हाई. ऐन टायमाला बोल्ट अडाकला असंल. अडाकलाच असंल! साठ वर्सं त्येच्या गावची वाट टाळली मी."

मी त्यांची लेक, आणि मला यातलं अक्षरही माहीत नव्हतं. रडू आलं, आणि आपण हे काय घरात आणून ठेवलं म्हणून स्वतःचा रागही आला.

तेवढ्यात आप्पांचा उजवा हात मांडीवरून उठला.

नीट वाचा — उजवा. वर्षभर ज्याचं बोटही हललं नव्हतं, तो. ते पुढे वाकले, मूठ बोल्टवर बसली, बोल्ट वर उचलला, मागे ओढला. खट्! पुढे ढकलला. खट्! परत एकदा. लोण्यातून सुरी फिरावी इतका सहज. मंदार माझ्या शेजारी उभा होता, त्याने पाहिलं. आमची मुलगी अन्वी दारातून म्हणाली, "आजोबा, यू सेड युअर हँड डझन्ट वर्क!"

"चालतोय की गं," आप्पा म्हणाले. "अडकत न्हाई... न्हाई अडकत." मग हात खाली आला आणि ते हमसून हमसून रडले.

नंतर मंदारने बोल्ट ओढून पाहिला, मी पाहिला, वॉचमनलाही वर बोलावलं. हलत नाही. फोटोशी ताडून बघितलं, वेल्डिंग जसंच्या तसं, कुठे साधी चीरही नाही. खानसाहेब फोनवर चिडले, "बाजी, मेरे सामने वेल्ड हुआ है!" वेल्ड कच्चं होतं म्हणावं, तर आता पक्कं कसं? आम्हा तिघांना भास झाला म्हणावं, तर जिथे तो बोल्ट सरकूच शकत नाही, तिथे मागे कुंकवाची चार बोटं लांब रेघ होती. ती होती आप्पांचीच रायफल? तेही सांगता येत नाही. हाताचं विचाराल तर डॉक्टर म्हणाले, "असं कधी कधी होतं." हे उत्तर मी क्लेममध्ये चालवून घेत नाही.

त्याच दुपारी आप्पांनी सखारामच्या बहिणीचा, हिराबाईंचा, नंबर गावातून मिळवायला लावला. त्या पंच्याहत्तरीच्या पुढच्या. आप्पांनी काही हातचं न राखता सगळं सांगितलं, ती न मारलेली हाकसुद्धा. फोन स्पीकरवर होता, मी शेजारी बसून ऐकत होते.

मग हिराबाई म्हणाल्या, "दादा, बंदुकीचं मला काय कळत न्हाई. आमचा सख्या तिकडं कसा ऱ्हात हुता, काय खात हुता, हसत हुता का, ह्ये सांगायला साठ वर्सांत कुनी आलं न्हाई वो. तुमी तरी यायचं हुतं."

आप्पांनी फोन आणखी जवळ ओढला.

"मला दुसरा भाऊ न्हाई," त्या म्हणाल्या. "भाऊबीजेला चांदाला ओवाळती मी. औंदा तुमी या."

दुसऱ्या दिवशी सिस्टर आली तर आप्पा अंघोळ करून खुर्चीत तयार बसलेले. भाऊबीजेपर्यंतचे वीस दिवस एकही खाडा केला नाही. बोटं वाकायला लागली, पेला धरता यायला लागला. बोल्ट मात्र मी अजून रोज एकदा ओढून बघते. तो हलत नाही, आणि का हलला होता ते मला आजही सांगता येत नाही. तुमच्यापैकी कुणाला कळलं तर जरूर कळवा.

भाऊबीजेला मी आप्पांना घेऊन हिराबाईंच्या घरी गेले. त्यांनी ओवाळलं. आप्पांनी ओवाळणी उजव्या हाताने टाकली, सावकाश, पण बरोब्बर ताटात. मग हिराबाईंनी ताट बाजूला सारलं, समोर मांडी घालून बसल्या आणि म्हणाल्या, "हं, दादा. आता पहिल्यापासनं सांगा."