मयेकरकाका आणि शेंडीवाला जे

पद्माकर मयेकर हे नाव घेतलं की मला अजून थोडी लाज वाटते. मूळचे मालवणचे मयेकरकाका तीस वर्षं जहाजांच्या इंजिनरूममध्ये काढून निवृत्त झाले आणि आता अरुणाकाकूंबरोबर सिंगापुरात वुडलँड्सच्या फ्लॅटमध्ये राहतात. दर शनिवारी आम्ही पाच-सहा मराठी माणसं पक्षी बघायला जायचो, त्यात सगळ्यात आधी हजर काका. कुणी "ऐका" म्हटलं की तेही मान डोलवायचे, पण पक्षी मात्र त्यांना कायम शेवटी दिसायचा.

मार्चमध्ये पुलाउ उबीन बेटावर मला हुक्की आली. काहीही ओरडत नसताना मी कान टवकारल्याचं नाटक केलं आणि विचारलं, "काका, सनबर्ड ऐकलात ना?"

"हो तर. छान."

सगळे हसले. काका परतीच्या बोटीत पाण्याकडे बघत बसले आणि पुढचे चार शनिवार आलेच नाहीत.

शेवटी मी काकूंना फोन केला. इंजिनांच्या धडधडाटाने त्यांचे कान गेलेत, काकू म्हणाल्या. बारीक, चिरके आवाज त्यांना अजिबात येत नाहीत, जाडेभरडे तेवढे पोचतात. कबूल करायला लाजतात, आणि आता दुर्बीण कुणाला तरी देऊन टाकायची म्हणतायत. मला स्वतःची इतकी चीड आली की जेवण गेलं नाही.

क्रेस्टेड जे नावाचा शेंडीवाला पक्षी बघायची काकांची जुनी इच्छा होती. हा पक्षी सिंगापुरात नाही. त्याला सखल भागातलं दाट, जुनं जंगल लागतं, म्हणजे समुद्रावरचा कॉजवे ओलांडून मलेशियातल्या जोहोरला जायचं. मी घरी जाऊन माफी मागितली आणि हातापाया पडून त्यांना सगळ्यांबरोबर गाडीत बसवलं.

जंगलात सिकाडा किड्यांनी नुसता उच्छाद मांडला होता. त्या किर्र आवाजात आम्हाला एकमेकांचं बोलणंही धड कळेना. तासभर काही दिसलं नाही. मग काका थांबले आणि डावीकडच्या वेलींच्या जाळीकडे बघू लागले.

"कोरडं बेअरिंग खडखडतंय," ते म्हणाले.

आम्हाला काहीच ऐकू येत नव्हतं. सिकाडांचा गोंगाट त्यांच्यापर्यंत पोचतच नाही, हे माझ्या डोक्यात जरा उशिराच शिरलं.

पाचेक मिनिटांनी तो आला. काळपट तपकिरी, मानेच्या बाजूला पांढरा पट्टा, डोक्यावर उभी शेंडी. माणसं दिसली की हा पळत नाही, उलट चौकशीला येतो, असं मी वाचलं होतं. तसाच तो जवळच्या फांदीवर बसून, शेंडी हलवत आमच्यावर खडखडत राहिला. काकांचे डोळे भरून आले. माझेही.

दुर्बीण खाली घेऊन ते आमच्याकडे वळले.

"बाकीचे पक्षी मला ऐकू येत नाहीत बरं का," ते म्हणाले. "पुढच्या शनिवारपासून कुठे आहे ते हाताने दाखवत जा."