हात पाठीमागे

कोणतंही यंत्र समोर आलं की मांजरेकर काका आधी हात पाठीमागे बांधून उभे राहत. वाचनालयाच्या संगणकावर वेबसाइट बनवायचं सॉफ्टवेअर मी पहिल्यांदा उघडलं, तेव्हाही तसेच उभे राहिले. "चालू मागाहून कर गो," म्हणाले. "आधी बंद खंयसून करूचा, ता दाखव."

लालबागची आमची चाळ पाडणार होते. त्याआधी कुणी मागून नेली नाहीत, तर चाळीतल्या वाचनालयाची पुस्तकं रद्दीत जाणार होती. म्हणून त्यांची यादी इंटरनेटवर टाकायची होती. मी ग्रंथपाल, काका निवृत्त गिरणी कामगार, रोजचे वाचक. त्या पडद्याला दोघंही घाबरायचो. डावीकडे चौकटी, उजवीकडे रंग आणि अक्षरं, वर नुसते बाण. काकांनी जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर पेन्सिलीनं अख्खा पडदा काढला. एकेक बटण ओळखीचं झालं की त्यावर टिंब द्यायचे. पहिलं टिंब उलट्या बाणाला मिळालं. तो दाबला की शेवटचं केलेलं रद्द होऊन आधीचं परत येई.

"काका, हा काही गिरणीतला माग नाही, हात ओढून घ्यायला," मी एकदा हसले.

काकांनी पेन्सिल खाली ठेवली. "मागार माझो पयलोच आठवडो. बाजूच्याचो हात आत गेलो. तो बोंबलता, मी शोधतंय, आणि माका बंद करूचा हँडल गावाक नाय."

मी पुन्हा कधी हसले नाही.

यादी पुरी होत आली होती. एका दुपारी माझा हात कुठेतरी लागला आणि पान कोरं झालं. दिसेल ते बटण मी दाबू लागणार, तोच काका ओरडले, "हात काढ! काय्येक दाबू नको!"

त्यांनी कॅलेंडरवरचं टिंब पाहिलं, पडद्यावर तो बाण शोधला आणि एकदाच दाबला. सगळी नावं परत आली. मी काकांना स्टुलावर बसवलं.

"गावला गो," ते पुटपुटत राहिले. "ह्या टायमाक गावला."

यादी पाहून लोकांनी मागितली तशी पुस्तकं प्रभादेवीला गेली, भोईवाड्याला गेली. थोडी उरली असताना काका गेले. तेराव्यानंतर मी यादी उघडली, तर सॉफ्टवेअर बदललेलं. एकही बटण जुन्या जागी नव्हतं. हातात काकांचं कॅलेंडर होतं. ते मी खाली ठेवलं, खुर्चीवरून उठले आणि हात पाठीमागे बांधले. उलटा बाण दिसेपर्यंत तशीच उभी राहिले.