उलटी पाटी

पाटीवाल्या काकांना डॉक्टरांची कमाई कळायची ती पाटीवरून, आणि त्यात ते सहसा चुकत नसत. छत्तीस वर्षं डॉक्टरांच्या पाट्या रंगवायच्या, कोरायच्या, दारावर ठोकायच्या, ही काय चेष्टा आहे? दुकान मोठ्या हॉस्पिटलसमोरच्या गल्लीत, जेमतेम दोन माणसं उभी राहतील एवढं. पण तिथे बसून त्यांनी अख्ख्या वैद्यकशास्त्राची कुंडली मांडून ठेवली होती. मुलांच्या डॉक्टरची पाटी दर दोन वर्षांनी नवी, कारण नंबर येईपर्यंत पोरं अक्षरं खरवडून काढतात. हाडांच्या डॉक्टरची पाटी जाडजूड. हृदयवाल्याची इवलीशी, कारण छातीत कळ आलेला माणूस दार बरोबर शोधतो. आणि कातडीवाल्याची बघायची तर गॉगल लावूनच या! काचेची पाटी, आतून दिवे, वर सोनेरी कडा.

अक्षराच्या बाबतीत काका भलतेच कडक. ‘तज्ज्ञ’ शब्दात एक अर्धा ज जास्तीचा असतो, एवढ्या कारणावरून त्यांनी तीन गिऱ्हाइकं घालवली होती. पाटी भिंतीवर चढली की ते रस्त्याच्या पलीकडे जाऊन एक डोळा मिटून बघायचे. केसभर तिरकी दिसली तरी काढून पुन्हा ठोकायची.

या काकांची एकुलती एक लेक डॉक्टर झाली. ज्या दिवशी तिला मेडिकलला प्रवेश मिळाला, त्याच दिवशी काकांनी पितळेचा एक चांगला दोन फुटी पत्रा आणून जुन्या मऊ कापडात गुंडाळून ठेवला. मनात एकच होतं, लेकीच्या दवाखान्याची पाटी स्वतः कोरायची आणि स्वतःच्या हाताने ठोकायची. लोकांच्या पाट्या ठोकण्यात जन्म गेला, एक तरी घरची नको? दर वर्षी ते पत्रा काढून पुसायचे आणि परत गुंडाळून ठेवायचे.

आता पुढच्या शिक्षणासाठी शाखा निवडायची होती. फॉर्म भरायची मुदत संध्याकाळी पाचपर्यंत. दुपारी एकलाच मेहुणा कागद घेऊन हजर. हा काकूंचा धाकटा भाऊ, औषध कंपनीचा प्रतिनिधी. बावीस वर्षं बॅग घेऊन डॉक्टरांच्या दाराबाहेर उभा राहिलेला. खरं सांगायचं तर दोघांनाही डॉक्टर माहीत होते ते दारापर्यंतच, पण आव असा की आतलं सगळं ठाऊक.

“हे बघा दाजी,” मेहुण्याने कागद पसरला, “हृदयवाल्याची कमाई सगळ्यात जास्त, पण हातात पैसा येईस्तोवर डोक्यावरचे केस जातात. एक्स-रेवाला एसीत बसून कमावतो, पण मशीन घ्यायला कर्ज काढावं लागतं. हाडांचं बरं आहे, पण अंगमेहनत. कातडी बघा कातडी! अडीअडचणीला धावायचं नाही, पेशंट मरत नाही आणि पूर्ण बराही होत नाही.”

“मी कधीपासून तेच म्हणतोय,” काका खुशीत आले. “कातडीवाल्यांच्या पाट्या बघ तू.”

लेक इतका वेळ मान खाली घालून ऐकत होती. “मी भूल घेतेय,” ती म्हणाली.

“काय?”

“भूल. भूलतज्ज्ञ व्हायचंय मला.”

“तुला कसली भूल पडली गं?” काका ओरडलेच.

मेहुण्याने कागदावर बोट फिरवलं. “तसं वाईट नाही दाजी. ऑपरेशनगणिक पैसे मिळतात, दवाखान्याचा खर्च नाही. फक्त स्वतःचा पेशंट नसतो. सर्जनने बोलावलं की जायचं, काम करायचं, निघायचं. दवाखानाच नाही, म्हणजे पाटीही...” तो मध्येच थांबला. पण बोलून चुकला होता.

काकांच्या लक्षात आलं. छत्तीस वर्षांत त्यांनी हा शब्द एकदाही कोरला नव्हता. कोरतील कसा? ज्याला दारच नाही, त्याला पाटी कुठली?

“मग त्या पितळेचं काय करू? डोक्यात मारून घेऊ?” काकांचा आवाज चढला. “एवढं शिकलीस ती काय कुणाला नावही कळू नये म्हणून?”

लेक घाबरली नाही, बापावरच गेली होती. “बाबा, आईच्या पोटातली गाठ काढली, ते ऑपरेशन कुणी केलं?”

काकांनी सर्जनचं नाव फाडकन सांगितलं. सांगणारच! त्याची पाटी त्यांनी फुकट करून दिली होती, वर हात जोडले होते.

“आणि भूल कुणी दिली?”

काका आठवायला लागले. पाच तास बाहेरच्या बाकावर बसले होते ते. आत कोण गेलं, कोण आलं, काही आठवेना. मेहुणाही छताकडे बघायला लागला.

“हिरवी टोपी होती,” काकू दारातून म्हणाल्या. हातातलं ओलं फडकं त्यांनी खांद्यावर टाकलं. “डोक्यापाशी उभा होता. मी लटलट कापत होते. त्याने हात धरला आणि विचारलं, ‘ताई, तुमच्या घरी सकाळी आधी कोण उठतं?’ म्हटलं, हा काय प्रश्न झाला? मी सांगायला गेले, तेवढ्यात म्हणाला, ‘झोपा निवांत, मी आहे इथे.’ डोळे उघडले तर तोच समोर. म्हणतो कसा, ‘ताई, उत्तर राहिलंच की तुमचं!’”

“सहा वर्षांत बोलली नाहीस कधी,” काका म्हणाले.

“तुम्ही विचारलंत कधी? सगळे सर्जनच्या पाया पडत होता.”

पावणेपाचला लेकीने फॉर्म भरला. मेहुण्याने कागदाची घडी करून खिशात घातली. काका चपला घालून दुकानात निघून गेले. त्यांना वाईट वाटलं होतं, आणि लाजही वाटली होती. कशाची जास्त ते त्यांनाच कळत नव्हतं.

चार दिवस ते लेकीशी जेवढ्यास तेवढं बोलले. पाचव्या दिवशी दुकानातून करवतीचा आवाज यायला लागला. जपून ठेवलेल्या पत्र्यातून काकांनी बोटभर लांबीचे दोन तुकडे कापले, कडा घासल्या, मागे पिना बसवल्या. कोटावर लावायची पाटी. एकीवर लेकीचं नाव कोरलं, खाली ‘भूल’. तज्ज्ञ व्हायला तिला अजून तीन वर्षं होती आणि काका खोटं कोरणारे नव्हते. पुढे जागा मात्र सोडली, दोन्ही ज मावतील एवढी.

“दुसरी कुणाची?” काकूंनी विचारलं.

“त्या टोपीवाल्याची. आधी त्याचं नाव तर शोधू दे. तुझ्या फाइलमध्ये सही आहे, पण डॉक्टरचं अक्षर ते! मला, मला वाचता येईना.”

मग ते भर दुपारी पलंगावर आडवे झाले. रस्त्यापलीकडून बघायची पाटी नव्हती ही, झोपलेल्या माणसाला दिसायला हवी. “लेकीची लाव पदराला आणि उभी राहा. तो उभा होता तिथेच.”

काकू उशापाशी आल्या आणि वाकल्या. काकांनी एक डोळा मिटला. “हात्तिच्या! उलटी दिसतेय.”

“मग! मला त्याचं तोंडही उलटंच दिसत होतं.”

काका तडक उठले. ज्या माणसाने जन्मात पाटी केसभर तिरकी लावली नाही, त्याने त्या दिवशी पिन काढून पाटी अख्खी उलटी फिरवली. समोरून येणारा हसेल तर हसू दे, त्याच्यासाठी नाहीच ती.

ते परत आडवे झाले. काकू परत वाकल्या. आता अक्षरं सुलटी होती. काकांनी लेकीचं नाव मोठ्याने वाचलं.

“आपल्या घरी सकाळी आधी कोण उठतं हो?” काकूंनी विचारलं.

“तू,” काका म्हणाले. “पस्तीस वर्षं.”

“मग झोपा आता निवांत. मी आहे इथे.”