कापडावरचा मासा

तीस वर्षं अंधेरीच्या बाजारात मासे विकणारी वेसाव्याची सगुणा रविवारी धंदा सोडून कधी कुठे गेली नव्हती. पण त्या रविवारी खाडीपलीकडे, तिच्या माहेरच्याच गावात, सायकलची मोठी शर्यत होती. देशभरातले पगारी सायकलपटू येणार होते आणि त्यांत तिची लेक होती, अक्षता.

लेकीची शर्यत सगुणानं कधी पाहिलीच नव्हती. पोरगी पुण्याला जाई, बंगळुरूला जाई आणि मोबाइलवर पदकाचा फोटो येई. लहानपणी मात्र बंदरावरून आईसाठी बर्फाची गोणी हीच सायकलवर आणायची, वितळायच्या आत. एवढ्या जोरात येते म्हणून सगुणा तिला रोज शिव्या घालायची.

सकाळी अर्धी पाटी विकून उरलेली तिनं शेजारच्या वनमालाच्या हवाली केली. कोयता फडक्यात गुंडाळून पिशवीत टाकला. नवरा रामचंद्र, मुलगा परेश आणि सून दिपाली धक्क्यावर वाटच बघत होते. दिपालीनं तांदळाच्या भाकऱ्या आणि सुकटीची चटणी बांधून घेतली होती.

पलीकडे उतरून बघतात तर काय, रस्ता दिसेचना. दोन्ही बाजूंना लोखंडी कठडे आणि त्यांवर पुरुषभर उंचीची जाहिरातींची कापडं. सगुणाच्या भावाच्या दारासमोर तर एक हसरी कोळीण छापलेली, डोक्यावर पाटी, पाटीत कुठल्याच जाळ्यात न सापडणारा गुलाबी, गुबगुबीत मासा. खाली लिहिलं होतं, दर्याचं गाव आपलं स्वागत करतं. ज्या गावानं सांगितल्याबरोबर दोन दिवस रस्त्याकडेची जाळी आणि वाळत घातलेले बोंबील उचलले, ते गाव कापडामागे उभं. पासवाल्यांना मात्र मांडव, खुर्च्या, पंखे. त्यांच्यापुढे कापड नव्हतं.

परेशनं गार्डला नीट विचारलं. कापड हलवायचं नाही, टीव्हीवर दिसलं पाहिजे, असं उत्तर आलं. सगुणा म्हणाली, आत माझी मुलगी आहे. त्यानं पास मागितला.

शर्यत सुटली. गावाला सहा फेऱ्या. दर फेरीला कापडापलीकडून सर्रकन आवाज जायचा, मांडवात टाळ्या व्हायच्या. पाचव्या फेरीला रामचंद्र गुडघे टेकून कापडाखालून बघू लागला आणि म्हणाला, ते निळं चाक बहुतेक आपल्या पोरीचं. साठीतला नवरा स्वतःच्या लेकीची चाकं ओळखत मातीत बसलेला बघून सगुणाच्या मस्तकात तिडीक गेली.

तिनं पिशवीतून कोयता काढला.

"आई, नको, पोलीस आहेत," दिपाली म्हणाली.

"असूदे. माज्या भावाच्या दाराशी उभी हाय मी."

आणि रोज शंभरदा करते तसं तिनं त्या गुलाबी माशाचं पोट कल्ल्यापासून शेपटीपर्यंत सरळ चिरलं. कापड फाकलं. तिनं त्यात तोंड घातलं तेव्हा शेवटची फेरी आली होती. पहिल्या चौघींत अक्षता होती, दात आवळलेले, मान खाली, कोपरं अंगाशी, अगदी बर्फ आणताना असायची तशी. सवयीनं "हळू" असं सगुणाच्या तोंडावर आलं. आयुष्यात पहिल्यांदा तिनं ते गिळलं. तेवढ्यात पोरगी निघूनही गेली.

अक्षता तिसरी आली. मग एक टायवाला आयोजक तिच्या मातोश्रींना शोधत धावत आला. कोळणीची मुलगी, जगाला दिसलं पाहिजे, म्हणाला. कुठून तरी रिकामी पाटीही आणली. ती डोक्यावर घेऊन लेकीबरोबर बॅनरसमोर एक फोटो हवा होता त्याला.  पाटी सगुणानं त्याच्याच हातात ठेवली, अक्षताचं मनगट धरलं आणि सरळ भावाच्या दाराशी नेलं. माशाचं लोंबतं पोट बघून मागून आलेल्या आयोजकाचा चेहरा उतरला. पुढं दुसरा चांगला बॅनर आहे, म्हणाला.

सगुणा त्या चिरलेल्या कापडाला पाठ लावून उभी राहिली.

"इथंच काडा," ती म्हणाली. "माजे पोरीला मी इथनंच बगली. दुसरी जागा तुमी ठेवली नव्हती."