बघूचा रकाना

अप्पा गेल्याचा फोन आला तेव्हा मी त्यांच्याच घरात, त्यांच्याच वेताच्या खुर्चीत बसून त्यांच्या पत्नीला, अक्कांना, कागदावर उतरवून आणलेला कॉलनीचा फळा वाचून दाखवत होतो. 'विजेच्या डीपीभोवतीची झुडपं तोडणे' इथपर्यंत आलो होतो. दवाखान्यातून त्यांची मुलगी सुनंदा बोलत होती. "सर, अप्पा गेले. तुम्ही आईजवळच हाव न्हवं? मग तुम्हीच सांगा." मला सांगावं लागलंच नाही. अक्कांना दिसत नाही, पण माझ्या थांबण्यावरून त्या काय ते समजल्या. "किती वाजले?" त्यांनी विचारलं. सव्वापाच, मी म्हणालो. "बरं," म्हणून त्यांनी माझा हात चाचपून धरला.

याला आता सहा आठवडे झाले. खरं सांगायचं तर त्या वेळी दुःखाच्या आधी माझ्या मनात आलं ते एवढंच, की बरं झालं, आपण इथं होतो. शेजारी गेला आणि हा हुश्श करतोय, असं कुणाला वाटेल. म्हणून सगळं पहिल्यापासून सांगायला हवं.

मन्मथअप्पा औशाच्या बसस्थानकावर कंट्रोलर होते. कोणती गाडी कुठल्या फलाटाला, कोणती किती उशिरा, हे खडूनं लिहिण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. निवृत्तीनंतर लातुरात औसा रोडला आमच्या कॉलनीत घर बांधलं. राहायला येऊन तिसऱ्याच दिवशी कपाळाला विभूती लावलेला हा माणूस ओपन स्पेसमधल्या बोअरच्या खोलीला काळा रंग देताना दिसला. कॉलनीत नागरिक समिती होती. अध्यक्ष होते, सचिव होते, लेटरहेडसुद्धा छापलेलं होतं. काम तेवढं नव्हतं. अप्पांनी कुणालाही न विचारता त्या काळ्या भिंतीवर तीन रकाने आखले. पहिल्यावर लिहिलं 'काम', दुसऱ्यावर 'करतो'. तिसरा बिननावाचाच ठेवला.

तिसऱ्याचं नाव आम्हीच पुरवलं. अप्पा घरोघर फिरले. चौथ्या गल्लीतला खांबावरचा दिवा भर दुपारी जळायलाय, सकाळी बटण कोण बंद करणार? नळ आले की पहिल्या गल्लीला हाक कोण देणार? (लातूरकराला नळाचं महत्त्व वेगळं सांगायला नको.) लिंबाच्या रोपांना उन्हाळ्यात पाणी कोण घालणार? कुणीही नाही म्हणालं नाही. "बघू अप्पा." "बघू की." "बघू, जरा सवड झाली की." अप्पा परत आले, तिसऱ्या रकान्यावर ठळक अक्षरात 'बघू' लिहिलं आणि त्याखाली नावं मांडली. दुसऱ्या दिवशी दुधाला निघालेली निम्मी कॉलनी त्या भिंतीसमोर आपलं नाव वाचत उभी होती.

नियम साधा होता. करतो म्हणून न करणाऱ्याचं नाव बघूत जायचं. बघूतलं नाव मात्र अप्पा कधीच पुसत नसत. "ज्याचं बघू त्यानं पुसायचं," असं म्हणायचे. त्यासाठी खडू आणि फडकं खिळ्याला टांगलेलं असे. 'करतो' या शब्दावर बायकांनी हरकत घेतली, त्यात माझी बायको शोभा सगळ्यांच्या पुढं. "आम्ही काय करत न्हाई का, अप्पा?" अप्पांनी निमूटपणे 'करतो'शेजारी बारीक अक्षरात 'करते' कोंबलं. बघूला काहीच करावं लागलं नाही. तो शब्द बाईला आणि पुरुषाला सारखाच लागतो.

लाजेनं म्हणा, गमतीनं म्हणा, पण कामं व्हायला लागली. नालीतला गाळ निघाला, घंटागाडी कोपऱ्यावरून पळून जायची ती आतपर्यंत यायला लागली. एकेक नाव बघूतून करतोत सरकलं. माझं हललं नाही. मी जन्मभर कॉलेजात भूगोल शिकवला, जगातल्या सगळ्या नद्या कुठून कुठं जातात ते मला ठाऊक, स्वतः मात्र खुर्चीतून उठत नसे. फळा पावसानं धुऊन निघाला तरी बघूखालचं 'माने सर' पुसटसं दिसायचंच. माझा बचाव असा, की आमच्याकडं तोंडावर नाही म्हणणं म्हणजे माणसाचा अपमान. ज्याला नाही म्हणायची हिंमत नाही आणि हो म्हणायची तयारी नाही, त्याच्यासाठी कुणीतरी मोठ्या दयेनं हा शब्द काढलेला आहे. मी त्या दयेवर साठ वर्षं काढली.

एकदा प्रकरण अंगाशी आलं. आमच्या थोरलीला बघायला धर्माबादचे पाहुणे आले होते. त्यांनी गाडी नेमकी ओपन स्पेसपाशी लावली आणि मुलाच्या वडिलांनी सगळा फळा नीट वाचला. पोहे झाले, चहा झाला, मुलगी पसंत असल्याचं चेहऱ्यांवर दिसत होतं. मी रीतीप्रमाणं विचारलं, "मग कसं काय?" व्याही व्हायचे ते गृहस्थ गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, "बघू." मग स्वतःच खो खो हसत म्हणाले, "तुमच्या गल्लीची रीतच हाय म्हणं की, सर!" लग्न जमलं, पण माझा पारा उतरला नाही. मी तडक अप्पांकडं गेलो आणि म्हणालो, तुम्ही माझी अब्रू भिंतीला टांगलीत. अप्पा शांतपणे म्हणाले, "सर, अक्षर माझं हाय, शब्द तुमचा हाय. फडकं तिथंच हाय की." पंधरा दिवस मी त्यांच्याशी बोललो नाही. फडक्यालाही हात लावला नाही.

अक्कांची नजर काचबिंदूनं गेली त्याला बरीच वर्षं झाली. पण घर त्यांना हातापायांनी पाठ आहे. ओट्यापासून देवघर सहा पावलं, देवघरापासून मागचं दार नऊ. काठी न घेता फिरतात, स्वतःचा चहा स्वतः करतात. मागच्या वर्षी सुनंदा त्यांना हौसेनं नांदेडला आपल्या फ्लॅटमध्ये घेऊन गेली. तिथं न्हाणीघर शोधताना त्या गॅलरीत गेल्या आणि कठड्याला धरून हाका मारत राहिल्या. त्यानंतर कॉटवरून उठेचनात. जेवणही तुटलं. आठव्या दिवशी अप्पांनी त्यांना परत आणलं. दाराच्या चौकटीला हात लागल्यावर त्या म्हणाल्या होत्या, "हं, आता दिसायलंय." हे अप्पा सगळ्यांना हसत सांगायचे, पण सांगताना त्यांचा आवाज बदलायचा.

रोज पाच वाजता अप्पा फळ्यावर जायचे आणि घरी येऊन अक्कांना तो पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हणून दाखवायचे. कुणाचं काय अडलंय, कुणी काय केलं, कुणाचं नाव कुठं सरकलं. अक्कांची कॉलनीशी ओळख झाली ती अशी, चेहऱ्यांवरून नव्हे, कामांवरून. मला त्या तोंडावर 'बघूवाले सर' म्हणत.

अप्पांच्या छातीत पाणी झालं आणि त्यांना दवाखान्यात ठेवलं, तेव्हा मी भेटायला गेलो. ते बोलताना थांबत थांबत बोलत होते... "सुनंदा आईला नांदेडला न्यायचं म्हणायलीय. तिचं बी बरोबर हाय. पण अक्का तिथं जगायची न्हाई, सर." त्यांनी सगळं मनाशी लावून ठेवलं होतं. सकाळी स्वयंपाकाला बाई येतेच, वरच्या मजल्यावर शिवणकाम करणाऱ्या भाडेकरू रेखाताई खाली झोपायला तयार होत्या. "सांजंचं तेवढं राहिलंय. पाच वाजता कुणी आलं, फळा वाचला, की तिचा दिवस पुरा होतो. एवढं झालं तर सुनंदा ऐकंल. येताव का?"

आणि मी म्हणालो, "बघू, अप्पा."

मला ते म्हणायचं नव्हतं. जिभेनं म्हटलं. अप्पा हसले, हसताना त्यांना खोकला आला. मग म्हणाले, "तिथं लिहायला मी न्हाई आता. तुम्हीच लिहून टाका."

घरी येऊन शोभाला सांगितलं. ती मेथी निवडत होती. "बघू म्हणालात? त्यांना?" एवढंच बोलली आणि पुन्हा मेथीकडं वळली. मला माझी अशी शरम त्याआधी कधी वाटली नव्हती. सकाळी उठून फळ्यापाशी गेलो, खडू घेतला, कामाच्या रकान्यात लिहिलं : 'अक्कांना रोज पाचला फळा वाचून दाखवणे.' पुढं नाव लिहिलं आणि बघतो तर काय, हात जिभेच्या सवयीनं बघूच्याच रकान्यात गेला होता! पहिल्यांदाच मी त्या खिळ्यावरचं फडकं काढलं. फडकं खडूनं भरलेलं, त्यामुळं पुसायच्या ऐवजी तिथं पांढरा डागच पडला. मग 'करतो-करते'च्या खाली, दाटीवाटीत, नाव लिहिलं.

त्याच दिवशी पाचला गेलो. "कोण?" "मी माने." "बघूवाले सर? आज कशी काय वाट चुकलाव?" मी फळा वाचायला लागलो. शेवटच्या कामाशी आलो, स्वतःचं नाव वाचलं, 'करतो' वाचलं. अक्का म्हणाल्या, "च्या घेताव का?" दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो, आणि सव्वापाचला तो फोन आला.

अप्पांना माती दिली. पण माझ्या मनातून एक गोष्ट जाईना. माझ्या तोंडून त्यांनी ऐकलेला शेवटचा शब्द 'बघू' होता. त्या एका शब्दापायी हा माणूस मनात काळजी घेऊन गेला असेल का... तीन दिवस मी हेच घोळवत होतो. चौथ्या दिवशी सुनंदा स्वतः आमच्याकडं आली. रेखाताईंनी फळ्याचा फोटो काढून तिला पाठवला होता आणि शेवटच्या दिवशी दुपारी तिनं तो अप्पांना दाखवला होता. अप्पांनी चष्मा मागून घेतला. "हे पांढरं काय पडलंय?" "काहीतरी पुसलंय वाटतं, अप्पा." "कुठल्या रकान्यात?" "बघूच्या. करतोत माने सरांचं नाव हाय." तेव्हा अप्पा म्हणाले, "म्हंजी सरांनी सोताच पुसलं. मग आता आईला हलवू नको." त्यानंतर ते पाणी प्यायले आणि शांत झोपले, ते उठलेच नाहीत. हे ऐकून मी सुनंदासमोर मोठ्यानं रडलो. छातीवरचा धोंडा उतरला की माणूस रडतो, हे मला या वयात कळलं.

सुनंदा आता शनिवार-रविवारी येते. अक्का आपल्या घरात, आपल्या सहा आणि नऊ पावलांत आहेत. फळा माझ्याकडं आला आहे, माझं अक्षर अप्पांसारखं सरळ नाही. झुडपं तुटली. डुकरांचा बंदोबस्त अजून व्हायचा आहे, पेन्शनवाल्या म्हाताऱ्यांना हयातीच्या दाखल्यासाठी बँकेत न्यायला माणूस हवा आहे. वाचणाऱ्यांपैकी औसा रोडला कुणी राहत असेल तर खडू खिळ्यालाच टांगलेला आहे. माझा एक दिवस चुकला, लेकीकडं धर्माबादला गेलो होतो, तेव्हा शोभा वाचून आली.

सहा वाजले की मी वेताच्या खुर्चीतून उठतो. अक्का मागोमाग दारापर्यंत येतात आणि चौकटीला हात लावून उभ्या राहतात. "उद्या येताव का, सर?" त्या रोज विचारतात. जीभ अजूनही ओठांशी 'ब' घेऊन येते, मी तो गिळतो. "येतो की, अक्का." मग त्या फळ्याच्या बाजूला तोंड करतात आणि हसू दाबत म्हणतात,

"बघू."